सोळा खांबांचे आठशे मीटर

अकोल्यात धावायला जागा शोधायची म्हणजे उन्हाशी भांडण. सात वाजले की रस्ता तापायला लागतो, म्हणून मी पोरीला पाचलाच उठवायचो. तिला पोलीस भरतीत जायचं होतं. आदल्या खेपेला आठशे मीटरमध्ये थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीनं ही शेवटचीच संधी होती.

आधी मोर्णा नदीकाठचा रस्ता धरला. तिथले कुत्रे तिच्याहून जोरात पळत. मग एक मैदान पाहिलं, तर पेन्शनवाले काका बाकावर बसून दर फेरीला सांगत, "बाई, श्वास नाकानं घे!" बायपासला ट्रक. शेतवाटेची काळी माती दोन थेंब पडले की बुटाला किलोकिलोनं चिकटते. शेवटी गावाबाहेर मुरमाचा रस्ता सापडला. एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब. दोन खांबांत पन्नास मीटर असतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. सोळा अंतरं मोजली, झाले आठशे. फीत लावून मोजायची गरज मला वाटलीच नाही. मी शहाणा ना!

पाच महिने ती पुढं आणि मी घड्याळ घेऊन स्कूटीवर मागं. वेळ काही जमेना. "भाजी आणाले चालली काय?" "तुह्यापेक्षा तुही आजी पळन!" तोंडाला येईल ते बोललो. ती घाम पुसायची आणि पुन्हा पहिल्या खांबाशी जाऊन उभी राहायची.

आठ दिवस उरले आणि तिनं बूट काढून ठेवले. "बाबा, मी नाही जात. माह्यानं नाही होत."

मी ते बूट उचलून पिशवीत भरले. म्हणालो, "चाल, आत्याकडे अमरावतीले. जागा बदलून पाहू."

अमरावतीत धावणाऱ्यांचे लाडच आहेत. वडाळीच्या तळ्याकाठी सावली, छत्री तलावाकडं गार वारा. दोन दिवस ती नुसती मजेत पळाली. तिसऱ्या दिवशी आखलेल्या मैदानावर नेली. चारशेची एक फेरी, अशा दोन. ती थांबली तेव्हा घड्याळात नेहमीपेक्षा फारच कमी वेळ पाहून मी ओरडलो, "थांबली काहून? पळ ना!"

"दोन झाल्या, बाबा."

मग मी मैदानाच्या राखणदाराशीच भांडलो, की तुमचं मैदान लहान आहे. तो बिचारा फीत घेऊन आला. मैदान बरोबर होतं.

"काका, तुमी कुठं मोजून राहिले होते?"

"खांबावर."

तो हसत हसत खालीच बसला. "गावाकडचे खांब कोन मोजून रोवते जी? साठ धरा, सत्तर धरा!"

म्हणजे पाच महिने पोरगी हजाराच्या आसपास पळत होती आणि मी तिला आठशेच्या हिशेबानं बोल लावत होतो. मला फार लाज वाटली. तिच्याकडं बघवेना. आत्याच्या घरी येऊन तिनं बूट धुतले आणि गच्चीवर वाळत घातले.

भरतीच्या दिवशी घरच्यांना आत सोडत नाहीत. फाटकासमोर रसवंती होती, तिथल्या माणसाचं मी सकाळभर डोकं खाल्लं. ती बाहेर आली तीच पळत. "निघालं ग्राउंड, बाबा! आठशे वेळेत!" म्हणाली आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले.

"पाया नको पडू. आधी मले शिव्या दे."

"त्या देऊन झाल्या," ती म्हणाली. "पाच महिने, रोज, मनातल्या मनात."