मोहटोल्याचं बुधवारचं वाचन

आधीच सांगून टाकतो. या सदरात येणारे निम्मे अनुभव मला थापा वाटतात आणि उरलेले अपचनाचे. पिंपळाखालची बाई, उलटे पाय, मागून आलेली हाक... वाचतो आणि हसतो. मी विज्ञानाचा पदवीधर, ग्रंथालयशास्त्राची पदविका नागपूरहून घेतलेली. घरात बायको उपास करायची तेव्हा मी मुद्दाम तिच्यासमोर बसून भजी खायचो. असा माणूस. तरी लिहायला बसलोय, कारण खालची गोष्ट मला कोणी सांगितलेली नाही. ती माझ्यावरच गुदरली, आणि तीही भर दुपारी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला होता, पण आमच्या विभागीय ग्रंथालयाला ते कोणी कळवलं नसावं... दोन्ही जिल्ह्यांतल्या शाखांचा कारभार चंद्रपूरहूनच चालायचा. मी तिथं तांत्रिक सहायक. कामं दोन. शाखांची तपासणी करायची आणि दर तीन महिन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी वार्तापत्र काढायचं. चार पानं, सायक्लोस्टाईल केलेली, शाई हाताला लागणारी. कोणाची बदली झाली, कोण निवृत्त झालं, कोणाला मुलगा झाला. 'आमच्या सेवा' या मथळ्याखाली घुग्घुस शाखेला पंखा बसला आणि गडचांदूरला वर्तमानपत्रांसाठी नवं टेबल आलं... (त्या टेबलावर सिमेंट कारखान्याची इतकी धूळ बसायची की लोक पेपर वाचण्याआधी झटकायचे. हे अर्थातच छापलं नाही.) मी ते सगळं गंभीर चेहऱ्यानं लिहायचो आणि मनात प्रत्येक नावाला नाकं मुरडायचो. शाखांवरचे लोक मला अडाणी वाटायचे. त्यांची पत्रं मी लाल पेनानं दुरुस्त करून शिपायाला वाचून दाखवायचो. शिपाई हसायचा. मला तेवढं पुरे होतं.

सगळ्यात जास्त तिटकारा होता तो मोहटोला शाखेचा. (नाव बदललंय.) चामोर्शीहून आत नऊ किलोमीटर, मोह आणि सागाच्या जंगलाला लागून. ग्रामपंचायतीशेजारी एक खोली, एक खिडकी, दोन कपाटं. तिथं शेवंताबाई मेश्राम नावाची सहायक होती. पंचेचाळिशीची, विधवा, सातवी पास. पहिल्यांदा तपासणीला गेलो तर रजिस्टरमध्ये वाचक जेमतेम अकरा, आणि ओसरीवर बाया बसलेल्या तीस. शेवंताबाई मधोमध बसून मोठ्यानं कादंबरी वाचत होती. बायांपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बुधवार हाये ना साहेब. बुधवारी बायांसाठी वाचतो मी."

"हे वाचनालय आहे बाई, कीर्तन नाही. तुमच्या नोंदीत ही माणसं कुठे आहेत?"

"त्यायले सही येत नाई साहेब. नोंद कशी करू?"

मी तिथंच बसून शेरा लिहिला. 'सदर शाखेत वाचक नाहीत. श्रोते आहेत. ग्रंथालय सेवेत श्रोत्यांची तरतूद नाही.' या वाक्यावर मी इतका खूश झालो की चंद्रपूरला येऊन ते चार जणांना ऐकवलं. महिन्याभरात शाखा कुलूपबंद झाली, कुलपावर लाखेचं सील लागलं, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आली आणि शेवंताबाई आमच्या कार्यालयात. माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायची आणि नव्या पुस्तकांना लेबलं चिकटवायची. आठ महिन्यांत ती माझ्याशी 'हो साहेब' आणि 'नाई साहेब' यापलीकडे बोलली नाही. मीही बोललो नाही. काय बोलणार?

मग मोहटोल्याच्या सरपंचांचं पोस्टकार्ड आलं. 'बाईंचे बुधवारचे वाचन नियमित सुरू आहे, त्याबद्दल आभारी आहोत. बाया खुश आहेत.'

मी कार्ड दोनदा वाचलं. आधी हसलो. मग रागावलो. म्हणजे कुलूप तोडलं कोणीतरी! आणि ही बाई आमच्या डोळ्यांत धूळ फेकून बुधवारी गावाला पळते! हजेरीपट काढून पाहिला. आठ महिन्यांत एकही बुधवार चुकला नव्हता. सकाळी सही, संध्याकाळी सही. आणि चंद्रपूरहून मोहटोल्याला जाऊन त्या दोन सह्यांच्या आत परत येणं त्या काळी आमदारालाही जमलं नसतं.

शाखा कायमची बंद करण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर तयार होताच. तो मंजूर झाला की शेवंताबाईचं पदही जाणार होतं, म्हणजे तिची नोकरीच. त्यात हा लबाडीचा पुरावा जोडला की काम फत्ते. मी आमच्या टंकलेखकाला, बोरकुटेला बाजूला घेतलं. "उद्या बुधवार. मी दौऱ्यावर आहे. ही बाई दिवसभर तुझ्या डोळ्यांपुढून हलता कामा नये. संडासला गेली तरी वेळ लिहून ठेव."

"मी काय पोलीस हाओ काय साहेब?" तो म्हणाला. पण तयार झाला.

पहाटेच्या एस.टी.नं मूल, सावली ही गावं करत वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीला गाडी बदलली आणि चामोर्शीला उतरलो. तिथून भाड्याची सायकल. धानाची कापणी आटोपली होती, बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, रिकाम्या होत्या. मोहटोल्याला पोचलो तेव्हा घड्याळात एकला पाच-सात मिनिटं कमी होती. ऊन स्वच्छ होतं. दारू मी पीत नाही, ताप नव्हता, जेवण सावलीच्या स्टँडवर झालं होतं. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण मीच वाचक असतो तर पहिली शंका हीच घेतली असती.

ओसरीवर बाया बसल्या होत्या. पंचवीस-तीस. काहीजणी मुगाच्या शेंगा सोलत होत्या. सगळ्यांची तोंडं बंद खिडकीकडे.

आणि आतून बाईचा आवाज येत होता.

कोणीतरी वाचत होतं. स्पष्ट, सावकाश, प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढून. एक बाई हरवलेली म्हैस शोधत नदीवर येते, आणि नावाडी तिला नावेत घ्यायला तयार होत नाही. "तुझी म्हैस चोरीला नाही गेली," नावाडी म्हणतो, "तुझ्या तोंडाला कंटाळून गेली." बाया खो-खो हसल्या. एकीनं पदर तोंडात कोंबला.

मी सायकल भिंतीला टेकवली. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. मनात म्हटलं, सापडली! दाराशी गेलो. कुलूप जसंच्या तसं होतं. सील अखंड. आमच्या कार्यालयाचा शिक्का, माझ्याच हातानं दाबलेला, थोडा तिरपा. मी खोलीला फेरी मारली. मागं दुसरं दार नाही. कौलं हललेली नाहीत. लाउडस्पीकरची शंका आली म्हणून वायर शोधली, गावात वीजच नव्हती. या सगळ्या वेळात आतला आवाज चालूच होता.

खिशातून किल्ली काढली. सील फोडलं.

दार उघडलं. आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. दोन कपाटं, एक टेबल, एक खुर्ची. जमिनीवर आठ महिन्यांची धूळ, आणि त्या धुळीत एकही पाऊल नाही. मी उंबऱ्यावर उभा राहिलो.

मागून एक म्हातारी बोलली. नंतर कळलं, तिचं नाव जनाबाई. "बसा ना साहेब."

"कोण आहे आत?" मी ओरडलो. "कोण वाचत होतं?"

"बाई वाचून राह्यली ना. शेवंताबाई."

"कुठे आहे ती? दाखवा मला!"

जनाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की... मी आयुष्यभर लोकांकडे जसं पाहत आलो, अगदी तसं. मूर्खाकडे पाहतात तसं.

"थे तुमालेच म्हणून राह्यली, बसा साहेब म्हणून. ऐकू नाई येत काय तुमाले?"

मला काहीही ऐकू येत नव्हतं. बाकी सगळ्या बाया मात्र खोलीकडे बघत होत्या, आणि एक-दोघींनी सरकून माझ्यासाठी जागा केली.

मी बसलो नाही. दार ओढलं, कुलूप लावलं आणि सायकलवर टांग मारली. मागून एकीचा आवाज आला. "वाचू तं द्याचं होतं, भाऊ. नावाड्याची गोष्ट अर्ध्यात राह्यली."

रात्र चामोर्शीला काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात. बोरकुटे वैतागलेला होता.

"साहेब, पुढच्या वेळी दुसऱ्याले सांगा. दिवसभर त्या बाईचं तोंड पाहत बसलो. कुठीच नाई गेली. साडेबारापासून एक पुस्तक घेऊन बसली, अन् नुसते होठ हलवून राह्यली. हाका मारल्या तं लक्ष नाई."

"मग?"

"मग काय... एक वाजून गेला असन. एकाएकी थांबली. अन् समोर पाहून म्हणते, बसा साहेब. मी म्हणलं, कोणता साहेब व बाई? इथी तं मीच हाओ. तं तिनं पुस्तक मिटलं अन् लेबलं चिकटवाले लागली."

त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं होतं. मी मोहटोल्याचं त्याला अजून एक अक्षरही बोललो नव्हतो.

पुस्तक कोणतं ते विचारलं. टेबलावरच होतं. नव्या खरेदीतलं, शनिवारी पार्सल फुटलेलं, अजून नोंदवहीत दाखलही न केलेलं. मी ते उघडून पाहिलेलं नव्हतं. तसाही मी पुस्तकं वाचत नव्हतो, त्यांना क्रमांक देत होतो. पानं उलटत गेलो. मध्यावर म्हैस होती. नदी होती. नावाडी होता.

शेवंताबाईला टेबलाशी बोलावलं. पुस्तक पुढं केलं. "वाचा. इथून. मोठ्यानं."

ती घाबरली. नोकरीची काहीतरी परीक्षा चाललीय असं तिला वाटलं असावं. तरी वाचलं. आणि मंडळी, तोच आवाज. नावाडी बोलताना खाली उतरणारा, बाई बोलताना चिरकणारा. आठ महिने जी बाई माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलली नाही, तिला असं वाचताना मी कधी लक्ष देऊन ऐकलेलंच नव्हतं. पहिल्या तपासणीत कानावर पडली असेल, पण तेव्हा मी शेरा सुचवत होतो.

"पुरे," मी म्हटलं. "बाई, तुम्ही बुधवारी काय करता?"

"काई नाई साहेब."

"खरं सांगा."

तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "बुधवार आला का वाचावंसं वाटते. मनातल्या मनात वाचतो. कामाचा वेळ जाते, चुकलं माझं."

"कोणासाठी वाचता?"

"बायांसाठी."

"त्या इथं नाहीत."

"थे माईत हाये मले," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून तिनं विचारलं, "तुमी जाऊन आले ना साहेब? बसते काय अजून बाया?"

मी 'हो' म्हणालो. तिनं मान खाली घातली आणि पदरानं डोळे पुसले. तिला मी काय ऐकलं ते सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि माझ्यासारख्या माणसाला ते परवडणारं नव्हतं.

बंदचा प्रस्ताव मी फाडला. त्याऐवजी नवीन टिपण लिहिलं. शाखा पुन्हा सुरू करावी, सहायकास मूळ जागी पाठवावे, कारण 'प्रशासकीय सोय'. या दोन शब्दांखाली आपल्याकडे काहीही झाकता येतं, हे मला माहीत होतं. माझ्या वरच्या साहेबांनी न वाचताच सही केली.

ती ते पुस्तक घेऊन गेली. महिन्याभरानं सरपंचांचंच दुसरं कार्ड आलं. बाई आल्या, आनंद आहे वगैरे. शेवटी एक ओळ होती. 'बाईंनी पहिल्या बुधवारी नदीच्या काठापासून वाचायला घेतले. कोठे थांबले होते ते कोणी सांगितले नव्हते.'

या गोष्टीला स्पष्टीकरण नाही. मी शोधलं नाही असं नाही. सामूहिक भ्रम म्हणावं तर बोरकुटे भ्रमात नव्हता, तो शंभर-दीडशे किलोमीटरवर बसून कंटाळत होता. योगायोग म्हणावं तर मग सगळ्याच गोष्टींना योगायोग म्हणावं लागेल. मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाला विचारलं, त्यानं मला थोडी सुट्टी घ्यायला सांगितलं. मी त्याच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं, आणि वर हसलोही असतो.

शेवंताबाई निवृत्त होईपर्यंत वर्षातून एकदा मला पत्र पाठवायची. चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ, वाकडं अक्षर. मी ती पत्रं दुरुस्त केली नाहीत. प्रत्येक पत्रात एकच निरोप असायचा. 'साहेब, बुधवारी या कधी आयकाले. बाया आठवण काढते.'

दरवेळी मी कळवलं, कामं फार आहेत. नव्हती. बुधवारी तर अजिबात नव्हती.