नवऱ्याला नटवणारी तंबाया

माझा भाऊ काबो आमच्या भावकीत सगळ्यांत देखणा, आणि त्याच्या बायकोचा, तंबायाचा, सगळा जन्म त्या देखणेपणापायी जळण्यात गेला. मला त्याचं नवल नव्हतं. मी स्वतः तिच्यावर जळत होते. माझ्या नवऱ्याचं नाक बसकं, त्याला कोण पळवून नेणार? मला निवांत झोप लागायची, आणि ती लागते याचाच राग यायचा.

आम्ही गुरं घेऊन माळोमाळ फिरणारी माणसं; आमच्यात नटायचं ते पुरुषांनी. पाऊस सरत आला, गाई दुधाला आल्या की दुसऱ्या भावकीची माणसं आमच्या माळावर उतरतात. मग पुरुष तोंडाला लाल माती फासून, ओठ काळे करून ओळीत नाचतात आणि बायका त्यांना पारखतात. एखादीचं मन बसलं तर ती आपला नवरा सोडून त्याच्यामागून चालू लागते. घरच्या बायकोनं अशा वेळी हसून "ये, बस" म्हणायचं. तोंड वाकडं केलं तर अब्रू तिची जाते.

काबोच्या वेण्या तंबायाच घालायची. कपाळ उंच दिसावं म्हणून पुढचे केस काढायची, माती लोण्यात खलायची, नाकावरची पांढरी रेघ सरळ येईपर्यंत आरसा धरून बसायची. सगळं दात-ओठ खाऊन.

"वन्सं, लोकांच्या ताटात वाढायला मीच रांधत बसते," ती एकदा मला म्हणाली.

"मग करपव की."

"वा! म्हणजे नाव माझं जायचं."

अशी बाई. नवरा कुणाला आवडला तर पोटात आग, आणि तो कमी दिसला तर हाताला बट्टा.

त्या वर्षी काबोच्या डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या होत्या. यंदा तरी कुणाची नजर पडू नये, असं तंबाया मनापासून म्हणत होती. ओळ उभी राहिली. आम्ही वयस्क बायका पुढे धावून कुरूप नाचणाऱ्यांची टर उडवत होतो, ते आमचं हक्काचं काम. काबोनं डोळे फिरवले, दात दाखवले. निवडायला बसवलेली पोर उठली, गालाला हात लावून खालमानेनं चालत आली, काबोला ओलांडून गेली आणि शेजारच्या एका लंबूटांग पोरापुढे तिनं हात झुलवला, म्हणजे निवड झाली.

मी तंबायाकडे पाहिलं. सुटकेचा श्वास टाकायचा सोडून ती लालबुंद झाली होती. तिच्या शेजारी दुसऱ्या भावकीतली लादी उभी होती, एका गाईवाल्याची बायको. पोरीनं बरोबर पारखलं, असं ती सहज बोलून गेली.

"बरोबर?" तंबाया उसळली. "डोळे फुटलेत तिचे. त्या टोणग्यात आहे काय? नाक बघावं तर माझ्या काबोचं, दात बघावे तर माझ्या काबोचे!"

बायकोच्या तोंडून नवऱ्याचं नाव. तेही चारचौघांत, दोनदा. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी तोंडावर पदर घेतला. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि विचारलं, माझ्या भावाला विकायला काढलंस का. तिची मान ताठच होती.

लादीनं मात्र तेवढ्यात काबोकडे पाहिलं. नजर खाली न घालता, पुष्कळ वेळ.

माळावरचे तळ उठायच्या आधी ती आपलं भोपळ्याचं दुधाचं भांडं आणि चटई घेऊन काबोच्या मागून आमच्या दारात आली. मेंढा कापला, म्हणजे लग्न लागलं. तंबायानं "ये, बस" म्हटलं, चटई अंथरली, दूध दिलं. तिच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. लोक तिचं कौतुक करू लागले, म्हणाले बाई असावी तर अशी. मी जवळच बसले होते. तिच्या मुठी मला दिसत होत्या.

लादी वाईट नव्हती. दूध पिऊन झाल्यावर ती आपुलकीनं म्हणाली, "ताई, खरं सांगू? तू दाखवलं नसतंस तर मी बघितलंच नसतं."

तंबायानं तिच्या वाटीत आणखी दूध ओतलं.