मध नको म्हणाले तात्या

मधवाले तात्या कुणाला भेटले की रामराम नंतर करत, आधी हाड वाजवून बघत. बायका मडकं घेताना बोटाने वाजवतात ना, तसं समोरच्याच्या मनगटावर टकटक करून कान द्यायचे. "पक्कं हाय" म्हणाले की माणूस खूश. "कच्चं हाय गो, मध चाट" म्हणाले की पिशवीतली बाटली बाहेर. किन्हवलीच्या आमच्या बाजूला बऱ्याच घरांत त्यांचा मध असायचा. इतर लोक खोकल्याला मध घेतात, आमच्याकडे हाडांना घेत.

तात्या धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी राहत. झाडाच्या ढोलीतलं पोळं काढताना मधाचा भाग तेवढाच कापायचे, पिलांचा भाग जागच्या जागी ठेवायचे. दोनदा झाडावरून पडले आणि दोन्ही वेळा चालत घरी आले, ते मधामुळेच असं सगळे मानत. तेही मानत.

आमच्या घरी त्यांचा मान जरा जास्तच. मी सातवीत असताना आई बांधावरून घसरली नि मनगट मोडलं. तात्यांनी बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, रोज नाचणीच्या आंबिलीत चमचाभर मध घालायला सांगितला. हात जुळला. पुढच्या लावणीला आई चिखलात उतरली. तोवर घर सांभाळता सांभाळता माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बाबा आधीच गेलेले, भाऊ लहान. आईचा हात राहिला, हेच मोठं होतं. "मध हाडात उतरतो, वैनी," असं तात्या म्हणाले होते. आईने ते पक्कं धरून ठेवलं.

पुढे काही वर्षांनी तिची कंबर दुखायला लागली, पाठ वाकायला लागली. शेजारणी म्हणत, शहापूरला दाखव. आई म्हणे, दाखवायचं काय, आणि मधाचा एक चमचा वाढवी. आंबील मात्र तिने केव्हाच सोडली होती, नुसता मध चाटायची. तात्या आले की बाटली ठेवून जात. पण त्या दिवसांत ते तिचं हाड वाजवत नसत. माझ्या लक्षात आलं होतं. विचारायला भीती वाटली, म्हणून विचारलं नाही.

मग एका दुपारी आई अंगणात हंड्यासकट पडली. पाय हलेना. उजवा पाय बाहेर वळलेला, आखूड दिसत होता. मला दवाखाना सुचलाच नाही, आजही त्याची लाज वाटते. तात्या त्या दिवशी किन्हवलीच्या बाजारात आलेले, त्यांना निरोप धाडला. ते आले, तिच्या पायाकडे बघितलं आणि उभेच राहिले. मी वाटी-चमचा घेऊन आले तर म्हणाले, "मध नको. जीप बोलाव."

मी हबकले. आई तर चिडलीच. हात तुम्ही जोडलात आणि आता डॉक्टरकडे ढकलता, मी काय जड झाले का, असं बरंच बोलली. तात्या तिच्या उशाशी बसले.

"वैनी, हात मी नाय जोडला. मी बांधला. जुळला तो आपला आपण. लोकं मधाचं नाव घ्यायची, मला बरं वाटायचं, मी गप राहायचो."

मग ते खाली बघत म्हणाले, "आमची अशीच पडलेली. मी तीन महिने मध चाटवत बसलो. ती उठलीच नाय."

त्यांची बायको आदल्या वर्षी तापाने गेली, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आईने डोळे मिटले आणि म्हणाली, "बोलाव गो जीप."

शहापूरला फोटो काढला, खुब्याचं हाड मोडलेलं. तिथून ठाण्याला पाठवलं, ऑपरेशन झालं. तात्या दोन्हीकडे बरोबर होते. शहापूरच्या डॉक्टरांना त्यांनी टोपी हातात घेऊन विचारलं, मधाचा हाडाला काही उपयोग आहे की नाही. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मोडलेलं हाड मधाने जुळत नाही. मध चांगला असेलही, पण हाडाला लागतं ते नाचणीत आहे, दुधात आहे, काट्यासकट खाल्लेल्या बारीक मासळीत आहे. मधामुळे आंबील गोड लागून कुणी खात असेल, तर तेवढा उपयोग धरा.

त्यानंतर तात्यांनी जे केलं, ते बघून मी पुन्हा थक्क झाले. ज्या ज्या घरात हाडं वाजवली होती, त्या त्या घरी ते गेले. मी चुकीचं सांगत होतो, म्हणाले. मध नाचणीत घाला, आणि हाड दुखलं तर शहापूर गाठा. कुणी टर उडवली, तात्या पिकले म्हणाले. एका म्हातारीने तर दारातून घालवून दिलं, तिचा गुडघा मधानेच थांबला होता म्हणे. तात्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्या दारात.

माझं लग्न झालं आणि मी जामनगरला आले. घरचा फोन अवेळी वाजला की अजून हातातलं काम टाकून धावते. तात्या गेल्याचा फोनही असाच भर दुपारी आला. चार दिवस होऊन गेले होते. आईच बोलत होती. मी म्हटलं, मला कुणी कळवलं का नाही, त्यांच्या दारात आपल्या घरचं कुणी तरी जायला हवं होतं.

"मी गेलते ना."

"तू? कोणी नेलं?"

"कोण कशाला नेईल? यष्टीने धसई, मग चालत."

"आई, तिथं चढ आहे."

"हाय ना," आई म्हणाली. "बसत बसत चढले."