चांदीच्या पट्टीखालची चीर

जेद्दाच्या जुन्या भागात आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली. पुढे नवरा लाकूडकाम करतो, मागे मी घासत बसते. त्याचं घराणं कोकणात होड्या बांधणारं. इथं कफीलाच्या नावावर, म्हणजे आमचा इकामा, राहायचा परवाना, ज्याच्या हातात आहे त्या मालकाच्या नावावर, तो फर्निचर दुरुस्त करतो, पण ताइफच्या डोंगरातले लोक त्याच्याकडे जुन्या ठासणीच्या बंदुका घेऊन येतात. मोडलेला लाकडी दस्ता तो असा जोडतो की जोड शोधून सापडत नाही. लोखंड, पितळ, चांदी साफ करणं माझ्याकडे. माझी शाळा चौथीला सुटली, पण घासायला चौथी पुरते.

या बंदुका शिकारीच्या नाहीत. तिकडच्या लग्नात पुरुष नाचतात आणि नाचता नाचता उंच उडी मारून स्वतःच्या पायाखाली बार काढतात. गोळी नसते, नुसती दारू ठासलेली. खाली जाळ दिसतो आणि माणूस त्याच्यावर तरंगल्यासारखा दिसतो. लोकांना ते आवडतं. मला विचाराल तर त्या वेळी नळीचं बूड त्याच्या हातात, पोटाशी असतं, आणि मला तेवढंच दिसतं.

आमच्या कफीलाचा म्हातारा मामा अशीच एक बंदूक घेऊन आला. त्याच्या आजाची. नातवाचं लग्न होतं आणि नातू तीच घेऊन उडी मारणार होता. दस्ता दोन ठिकाणी तडकला होता, तो नवऱ्याने केला. नळीच्या बुडाशी चांदीची रुंद पट्टी होती. ती काळी पडली होती म्हणून मी उतरवली आणि खालचं लोखंड बघून हात थांबवला.

"पट्टीखाली चीर आहे," मी म्हटलं.

"ओरखडा असेल गो," नवरा म्हणाला.

"ओरखडा तेल पीत नाही."

मी तिथं रॉकेल चोळलं, थोडं मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर सुताराचा खडू फासला. पांढऱ्यावर हळूहळू एक काळी रेघ उमटली, बोटाच्या पेराएवढी. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. कोणीतरी फार पूर्वी ही चीर पाहिली होती आणि तिच्यावर चांदी चढवली होती.

नवरा खाली बसला. "लग्न आठवड्यावर आलंय. कफीलाचा मामा आहे तो. इकाम्याचं काय होईल?"

"आणि त्याच्या नातवाचा हात उडाला तर इकाम्याचं काय होईल?"

"वेल्डिंग..."

"तुमचा विश्वास आहे त्यावर?"

त्याचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी म्हातारा नातवासकट आला. नातू फोनवर स्वतःच्या उड्यांचे व्हिडिओ दाखवत होता, उसन्या बंदुकीने मारलेल्या. नवऱ्याने चीर दाखवली. म्हाताऱ्याने नळी उजेडात धरली आणि हसला.

"या मुअल्लिम," अहो उस्ताद म्हणावं तसं तो म्हणाला, "हिच्यातून माझ्या आजाने बार काढले, बापाने काढले, मी काढले." मग माझ्याकडे वळला. "या हज्जा, चीर तुझ्या चष्म्याला असेल." इथं म्हाताऱ्या बाईला सगळे हज्जाच म्हणतात, मी अजून हजला गेलेले नाही.

"चष्मा तुम्ही लावा आणि बघा," मी म्हटलं. त्याने लावला नाही.

तेव्हा नवरा म्हणाला, "टायरला बांधून उडवून बघू."

मला राग आला. फुटली तर शंभरीच्या पुढची बंदूक गेली. नाही फुटली तर पोरगा तीच घेऊन उडी मारणार. मी मराठीत विचारलं, "नाही फुटली तर?"

"तर आपण गप्प बसायचं."

"तुम्ही बसा."

निघण्यापूर्वी मी पुन्हा खडू फासला आणि काळ्या रेघेच्या दोन्ही टोकांना सुईने आडवे ओरखडे काढले. मग नळी आतून-बाहेरून कोरडी केली.

शहराबाहेर म्हाताऱ्याच्या बकऱ्यांचं कुंपण आहे, तिथं गेलो. नवऱ्याने बंदूक जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली. दारू मात्र नातवाला घालायला सांगितली, लग्नात घालशील तेवढी. त्याने मापाकडे बघितलंसुद्धा नाही. ओतली, अजून ओतली, गजाने ठासली. नवऱ्याने दारू पेटवणारी छोटी टोपी बसवून घोडा चढवला आणि आम्ही सगळे पिकअपच्या आडोशाला खाली बसलो. म्हातारा उभाच राहिला. मी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. परक्या पुरुषाला हात लावायचा नसतो हे मला माहीत आहे.

दोरी ओढली. काही झालं नाही. घोडा पडला होता, टोपी फुसकी निघाली होती. नवऱ्याने बराच वेळ कोणाला उठू दिलं नाही, मग स्वतः वाकत गेला, टोपी बदलून आला. त्याची पाठ दिसत होती तोवर मी म्हाताऱ्याचा सदरा सोडला नाही.

पुन्हा ओढली. बार झाला, बकऱ्या पांगल्या, धूर गेला. बंदूक अख्खी होती.

नातवाने आरोळी ठोकली. म्हातारा गुडघे झटकत म्हणाला, "पाहिलंस, हज्जा?"

"अजून नाही," मी म्हटलं आणि पिशवीतून रॉकेल काढलं.

"हिला बंदुकीने स्वयंपाक करायचाय," नातू म्हणाला. मी नळी निवू दिली, धुतली, रॉकेल चोळलं, पुसलं, खडू फासला. चौघेही वाकलो. रेघ उमटत सुईच्या ओरखड्यापर्यंत आली आणि ओलांडून तांदळाच्या दाण्याएवढी पुढे गेली.

"हे एका बाराने," मी म्हटलं. "लग्नात किती काढणार?"

"मोजतं कोण," नातू म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

म्हाताऱ्याने ओरखड्यावर नख ठेवलं, मग रेघेच्या टोकावर. "खलास," तो म्हणाला. त्याने नवऱ्याकडे हातोडी आणि पोलादी खिळा मागितला. टोपीखालच्या छोट्या नळकांड्यात जाळ आत जायचं बारीक भोक असतं, ते त्याला बुजवायचं होतं.

नवरा कळवळला. "नुसतं ते नळकांडं काढून देतो. बंदूक शाबूत राहील."

"काढलेलं हा परत बसवेल," म्हातारा नातवाकडे न बघता म्हणाला. "याच्या वयात मी बसवलं असतं."

खिळा त्यानेच ठोकला. पहिला घाव चुकून अंगठ्यावर बसला, तरी थांबला नाही. नातू पाय आपटत निघाला आणि हमरस्त्याकडे चालत गेला.

लग्नाचं बोलावणं आलं. मी बायकांच्या बाजूला नवऱ्यामुलाच्या आईशेजारी बसले. भिंतीपलीकडे बार सुरू झाले. दर बाराला ती माझं मनगट आवळायची आणि विचारायची, "हा त्याचा?"

"मला काय माहीत! उसनी बंदूक आहे, आम्ही तपासलेली आहे. जेव."

ती जेवली नाही. शेवटी बार थांबले, बायका ओरडल्या आणि नवरामुलगा धुरकट तोंडाने आत आला. त्याने दोन्ही हातांत आईचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी भाताचं ताट पुढे ओढलं.