दारातली कामं

“थोडं राहू दे” हे थोरलीचं पालुपद होतं. चहा ओतताना किटलीत घोटभर राहू द्यायची. विणायला घेतलेल्या स्वेटरची शेवटची ओळ सुईवरच सोडायची. गोष्ट सांगायला बसली तर शेवटाला येऊन उठून जायची. धाकटी वैतागायची.

“ताई, तुझं लग्नही असंच राहिलं,” ती म्हणायची.

“ते राहू दिलं नव्हतं, ते राहिलं. फरक आहे,” असं म्हणून थोरली पुन्हा काच पुसायला लागायची.

दोघी बहिणींचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे धाकटी गिऱ्हाईक बघायची, मागच्या खोलीत थोरली काचा घासायची. दुपारी रस्ता पेंगायला लागला की समोरच्या गच्चीवरचं ऊन उतरून दुकानात शिरायचं, मांडलेल्या काचांतून पार व्हायचं आणि भिंतीवर उजेडाचे गोल तरंगायला लागायचे. त्या वेळी थोरली हात पुसून कॉम्प्युटरपुढे बसायची. काउंटरवर डोकं टेकलेल्या धाकटीला अर्धवट झोपेत वाटायचं, की ताई पाण्याच्या तळाशी बसली आहे आणि वरून कोणी तिच्याकडे एकेक दिवा सोडतं आहे.

ते अगदीच खोटं नव्हतं. वडिलांची नजर मंदावली तेव्हा ते म्हणायचे, “अक्षरं पळतात गं माझ्यापुढून.” काचांनी भागेना, तेव्हा थोरलीने पुस्तकं आणून, चुकतमाकत, एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर बाण न्यावा तिथली ओळ मोठी होऊन, काठाने ठळक होऊन पुढे यायची. वडील शेवटपर्यंत त्यावर वर्तमानपत्र वाचत राहिले. ते गेले, प्रोग्रॅम राहिला. त्याला कुलूप घालणं थोरलीच्या जिवावर आलं. तिने तो ओपन सोर्स करून इंटरनेटवर ठेवला. कोणीही न्यावा, उघडून बघावा, सुधारावा, आणि सुधारलेलं सगळ्यांपुढे मांडावं.

माणसं येत गेली. एक जहाजावरचा आचारी होता, बंदर लागलं की काम पाठवायचा. एक नर्स होती, तिची आई कमी नजरेची होती. एका निवृत्त गणिताच्या मास्तरांना प्रत्येक ओळीवर शंका यायची, त्यांचं नाव दोघींनी शंकासुर ठेवलं होतं. यांची तोंडं कोणी पाहिली नव्हती. पण धाकटी जेवताना विचारायची, “आज जहाज कुठे आहे?” आणि थोरली समुद्राचं नाव सांगायची, चुलतभाऊ कुठल्या गावाला गेला ते सांगावं तसं.

या सगळ्यांना आत आणायची थोरलीची एक रीत होती. प्रोग्रॅममधल्या बारक्या चुका ती स्वतः दुरुस्त करायची नाही. एखादं बटण तिरकं दिसतं, एखाद्या सूचनेत शब्द गळला आहे, असल्या चुका. चहा थंड व्हायच्या आत नीट करून झाल्या असत्या. पण ती त्या सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवायची. त्यांना ती दारातली कामं म्हणायची. नवखा माणूस बाहेर घुटमळतो, मोठ्या कामाला हात लावायला भितो. त्याने दारातलं एक काम उचलावं, थोरलीने ते बघावं, “छान झालं, फक्त इथे असं करा” म्हणावं, आणि बोलता बोलता तो आत येऊन बसावा. जहाजवाला असाच आला होता, शंकासुरही.

“कामचुकारपणाला चांगलं नाव शोधलंस,” धाकटी म्हणायची.

“राहू दे गं थोडं. उद्या येणाऱ्याने काय करायचं?”

मग एक मेल आला. जिचे प्रोग्रॅम जिथे तिथे असतात अशी एक मोठी कंपनी. त्यांना थोरलीचा प्रोग्रॅम आपल्या सगळ्या कॉम्प्युटरांत घालायचा होता. मालकी नको, नाव बदलायला नको, तुमच्यातलेच एक होऊन काम करू, असं लिहिलं होतं. धाकटीने मेल थोरलीकडून वाचून घेतला, मग पुन्हा वाचून घेतला. तिला दुकानाच्या पाटीवर दिवे लागलेले दिसायला लागले.

“येऊ देत की,” थोरली म्हणाली. “दार उघडंच आहे.”

ते आले, आणि मनापासून आले. नव्या ओळखीची भेट म्हणून कंपनीने आपल्या इंजिनियरांना एक आठवडा मोकळा दिला, की जा, त्यांना मदत करा. चांगली शिकलेली, हाताला वेग असलेली मुलं. दुसऱ्याच्या मोठ्या कामात घुसणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी जे समोर मांडलेलं दिसलं ते उचललं. आठवडा संपला तेव्हा दारात एकही काम उरलं नव्हतं.

थोरलीने एकेक काम तपासलं. नाव ठेवायला जागा नव्हती. तिने सगळी स्वीकारली, सगळ्यांचे आभार मानले आणि कॉम्प्युटर बंद केला.

त्यानंतर भिंतीवरचे गोल तेवढे येत राहिले. नवे लोक डोकावायचे, आपल्या हाताजोगतं काही दिसायचं नाही, निघून जायचे. नर्सचं लिहिणं थांबलं. शंकासुराला शंका येईनाशा झाल्या. जहाजवाल्याने लिहिलं, “आता तुमच्याकडे मोठी माणसं आली. आमची लुडबुड कशाला?”

“घाण्याच्या बैलासारखी राबत होतीस, जरा सुटलीस,” धाकटी म्हणाली.

थोरलीने चहा ओतला आणि किटली पार रिकामी केली. धाकटी त्या किटलीकडे बघतच राहिली.

“बाबांनंतर माझ्याशी रोज बोलणारं तू सोडून हेच होतं गं,” थोरली म्हणाली. “हे उठून गेले तर प्रोग्रॅम चालेल. मी काय करू?”

महिनाभराने कंपनीवाला स्वतः आला. मेल लिहिणारा हाच. लोकांशी जुळवून घेणं हे त्याचं काम. चष्म्याची एक दांडी सैल झालेली, बोलताना तो ती सारखी वर ढकलत होता.

“मॅडम, आमची मुलं खूश आहेत,” तो म्हणाला. “सगळं साफ करून टाकलं त्यांनी.”

“मॅडम म्हणू नका, माझ्या मागे कोणी उभं आहे असं वाटतं,” थोरली म्हणाली. “चष्मा द्या इकडे.” ती स्क्रू आवळत बोलायला लागली. “साफ केलंत हे खरं. पण असं बघा. आमच्याकडे शेजारणी भांडी घासू लागायच्या निमित्ताने यायच्या आणि गप्पा मारत बसायच्या. एक दिवस भला पाहुणा आला आणि सगळी भांडी घासून, पुसून, फळीवर लावून गेला. आता शेजारणी दारापर्यंत येतात आणि परत जातात.”

कंपनीवाल्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. “पण ती कामं मुद्दाम ठेवली आहेत असं कुठे लिहिलं नव्हतं.”

“नव्हतं. मला वाटायचं, दिसतंच आहे. तेवढं माझं चुकलं.”

“मग आम्ही केलेलं सगळं काढून घेतो. होतं तसं करून देतो.”

धाकटीला हसू आवरेना. “म्हणजे बटण पुन्हा तिरकं करणार? त्यासाठी पण एक आठवडा मोकळा द्याल?”

“ते होणे नाही,” थोरली म्हणाली. “वाचणाऱ्याला आता नीट दिसतंय. आपल्या सोबतीसाठी त्याच्या डोळ्यांत धूळ टाकायची का?”

ऊन आत आलं होतं. काही तरी करायचं म्हणून धाकटीने कॉम्प्युटरवर आलेलं बिल उघडलं, आणि आजूबाजूला बघून, हळूच, ताईचा प्रोग्रॅम चालू केला. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्म्याच्या दुकानात बसून हे कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून तिने ते दडवलं होतं.

“ताई, या उन्हात ओळीचा काठ दिसतच नाही,” ती बोलून गेली.

थोरलीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. ओरडू नकोस.”

थोरली ओरडली नाही. कंपनीवाला पुढे झाला होता. “हे सोपं आहे, रंग थोडा गडद केला की झालं. मी आत्ता करतो.” त्याचा हात कीबोर्डवर पोचला तोच थोरलीने मनगट धरलं.

“थोडं राहू दे,” ती म्हणाली.

किती दिवसांनी ते शब्द दुकानात ऐकू आले. कंपनीवाल्याने हात मागे घेतला, आणि धाकटीला वाटलं, भिंतीवरचे गोलही जरा हलले.

ते काम थोरलीने दारात मांडलं आणि या खेपेला वर स्पष्ट लिहिलं, की ही जागा पहिल्यांदा येणाऱ्यासाठी आहे, जुन्यांनी हात लावू नये. दोन-तीन दुपारी काहीच झालं नाही. मग कोणी एक अनोळखी बाई आली, तिने काठ गडद केला, पण उन्हापुरता न करता सगळ्याच उजेडात केला. त्यावर शंकासुराला शंका आली. शंकासुर बोलला म्हणून नर्स बोलली. जहाजवाल्याने पुढच्या बंदरावरून विचारलं, “मी नाही म्हटल्यावर मला खरंच सोडून दिलंत की काय?”

कंपनीवाल्याने परत जाऊन थोरलीला बोलावणं धाडलं. आमच्या मुलांना काम करता येतं, ते सोडून कसं द्यायचं ते येऊन सांगा. मोठं काम आम्ही करू, पण त्याच्या कडा कुठे मोकळ्या ठेवायच्या ते आम्हाला कळत नाही.

जायच्या सकाळी थोरलीने लहानशी पिशवी घेतली, पायरी उतरली आणि म्हणाली, “तुझा चष्मा टेबलावर आहे.”

धाकटीने तो उचलला. नवी फ्रेम, काचा ताईच्या हातच्या. पण एकच काच बसवलेली होती, दुसरी शेजारी रुमालावर, जवळ स्क्रू आणि बारका पेचकस.

“अगं ताई, हे काय,” ती दारात येऊन म्हणाली.

थोरलीने मागे न बघता हात वर केला. धाकटीने चष्मा तसाच डोळ्यांना लावला. वाचायची काच ती, लांबचं बघायच्या कामाची नव्हतीच. एका डोळ्याला ताई कडा सुटलेला उजेडाचा गोल होऊन तरंगत जाताना दिसली. दुसऱ्या डोळ्याला नीट दिसली, पिशवी खांद्यावर, चाल तीच, संथ. वळणापाशी पोचेपर्यंत धाकटी दोन्ही बघत राहिली. मग आत येऊन तिने पेचकस हातात घेतला.