केरसुणीचा तुकडा

त्याला सगळे केरसुणी म्हणत. जंगलखात्यात मुकादम झाला तेव्हापासून म्हणत, आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही. उलट मिशीतल्या मिशीत हसायचा. त्याच्या ताब्यातल्या सागात पाचोळ्याचं पान शोधून सापडायचं नाही. झुडूप उगवलं की उपटलं, झाड उभ्याउभ्या वाळलं की आडवं केलं, फांद्या गोळा करून पेटवल्या. जमीन अशी, की खुशाल ताट मांडून जेवायला बसावं. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "जंगल असावं तर असं!" त्या खात्यात जंगलाचे तुकडे मुकादमांच्या आडनावांनी ओळखायची रीत होती. याचा तेवढा टोपणनावाने, अगदी नकाशावरसुद्धा. त्याचं त्याला कोण कौतुक!

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर खात्याने कचेरीतल्या एका मोठ्या खोलीत जंगलाचं प्रदर्शन मांडलं. त्याची सून आता त्याच्याच जागी मुकादम होती. ती म्हणाली, "चला बाबा, तुमच्या तुकड्याचंही काहीतरी लावलंय म्हणे." त्याने इस्त्रीचा सदरा घातला.

भिंतीवर सागाच्या खोडाचे दोन गोल काप होते. झाडं एकाच हंगामात लावलेली. एक काप परातीएवढा, दुसरा जेवणाच्या ताटाहून लहान. लहानाखाली पाटी होती : 'केरसुणीचा तुकडा. मजुरांच्या अज्ञानामुळे झालेली अतिसफाई.'

तरुण साहेब पाहुण्यांना समजावत होते. पाचोळा जाळला, म्हणून माती उघडी पडून दगड झाली. पाऊस मुरायचा तो वाहून गेला. वाळकी झाडं काढली, तशी ढोलीत राहणारे पक्षी गेले. पक्षी गेले, मग अळ्यांना रान मोकळं. दर वर्षी त्यांनी पानं फस्त करायची, झाडाने सगळा जोर पुन्हा पालवी फोडण्यात घालवायचा. खोडाला उरलं काय?

केरसुणीने कापावर बोट ठेवलं. मधली वलयं रुंद, ऐसपैस. पुढे ती एकमेकांना चिकटत गेलेली, केसासारखी. जणू झाडाने श्वास घेणंच कमी केलं होतं. साहेब खोटं बोलत नव्हते, हे त्याला बोटाने कळलं. मग नजर पुन्हा पाटीवर गेली आणि तो पेटला.

"साहेब, हे मजूर म्हणजे कोण?"

"अहो मामा, ते आपलं सर्वसाधारण लिहिलंय."

"सर्वसाधारण? वर नाव माझं आहे. तेही बारशाचं नव्हे, चेष्टेचं. मी काय रात्री स्वप्न पडलं म्हणून सकाळी जंगल झाडायला जात होतो? झाडाची वाढ खुंटली हे लिहिलंत. अक्कल कोणाची खुंटली होती?"

पाहुण्यांत कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी आवाज खाली आणला. "त्या वेळचे वरिष्ठ आता हयात नाहीत, मामा. गेलेल्या माणसांविषयी कशाला वाईट लिहायचं?"

"म्हणजे जिवंत राहिलो हा माझा गुन्हा! थोडा दम धरा, मीही फार दिवस त्रास देणार नाही."

"बरं, बरं. तुमचं नाव काढून टाकू. झालं समाधान?"

"अजिबात काढू नका." आता त्याचा आवाज खोलीभर झाला. "हात माझे होते. मी एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही, तेही लिहा. शाबासकी मिळाली, ती मी मिरवली, लिहा. पण हुकूम खात्याचा होता, एवढी एक ओळ घाला. रंग संपला असेल तर घरून आणून देतो."

"अशी ओळ मला परस्पर घालता येत नाही."

"अज्ञान मात्र परस्पर घालता आलं!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सुटका शोधल्यासारखे सुनेकडे वळले. "ताई, बरं झालं तुम्ही भेटलात. उद्या वरच्या घळीतली वाळकी झाडं पाडून घ्या. पडलेले ओंडकेही उचला. परवा मोठे लोक येतायत, जरा नीटनेटकं दिसू दे."

केरसुणीने भिंतीवरच्या परातीएवढ्या कापाकडे पाहिलं. तो त्याच घळीतला होता, शेजारी तसं लिहिलेलं होतं. चढण अवघड, म्हणून तिथे झाडलोटीला याची माणसं कधी पोचली नव्हती. म्हणूनच ते झाड तेवढं जाड झालं होतं.

"साहेब," सून म्हणाली, "आत्ता या पाहुण्यांना काय समजावत होतात तुम्ही?"

"ते वेगळं. हे वरून आलंय."

"वरून म्हणजे कोणाकडून?"

"वरून म्हणजे वरून!"

"पाऊससुद्धा वरूनच येतो," केरसुणी म्हणाला, "पण ढग तरी दिसतो."

सुनेने पदर खोचला. "मग लिहून द्या साहेब. तारीख, सही, खाली पूर्ण नाव. पुढे कधी अशी पाटी लावायची वेळ आली, तर नाव चुकायला नको."

साहेबांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. "बघू," ते म्हणाले आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेले.

सुनेने तिथूनच फोन लावून माणसांना सांगितलं, करवती गाडीतच राहू द्या, लेखी आल्याशिवाय कोणी घळीत पाऊल टाकायचं नाही. मग सासऱ्याला म्हणाली, "चला बाबा. आजच्यापुरतं पुष्कळ झालं."

"तुझं झालं, तू जा," तो म्हणाला. कोपऱ्यातली खुर्ची त्याने फरफटत आणली, बरोबर पाटीखाली मांडली आणि हाताची घडी घालून बसला. "साहेब चहा पिऊन येतीलच की. माझी ओळ राहिलीय अजून."