बघूचा सूर्य

चष्म्याच्या दुकानात बघूइतका उतावळा माणूस नव्हता. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवायची, खटाखट काचा बदलायच्या आणि मागे लागायचं, "एक बरी की दोन? एक... दोन. विचार नको, बोला." लोक घाबरून "दोन" म्हणून मोकळे व्हायचे. घरी मात्र नळ गळो की पंखा कुरकुरो, याचं उत्तर ठरलेलं, "बघू." शेवटी थोरल्या ताईने त्याचं नावच बघू पाडलं.

ताईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर सूर्य काढून त्यावर डाग दाखवले, खरा डाग काही कधी पाहिला नाही. निवृत्तीनंतर एका दुपारी ती दुकानात आली.

"दाराची चौकट मधेच वाकडी दिसते रे."

त्याने तिचे डोळे तपासले आणि तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दृष्टिपटलाच्या मध्यावर बिघाड आहे. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेली नजर परत येणार नाही.

"मग नजर आहे तोवर मला सूर्यावरचा डाग दाखव," ताई म्हणाली. "पोरांना खोटं शिकवलं नाही, एवढी खात्री होऊ दे."

"दाखवतो की."

साधी दुर्बीण, तिच्या तोंडावर सूर्यासाठीचा फिल्टर, मागे कॅमेरा आणि समोर लॅपटॉप. डागाला तेवढं पुरे होतं. पण दुसऱ्या एका जातीच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेच्या ज्वाळाही दिसतात, असं बघूने वाचलं. आता ज्वाळा कशा सोडायच्या? बरं, तीच घ्यावी, तर कॅमेरा रंगीत की कृष्णधवल? तुलना करता करता वही भरली.

"आली का रे दुर्बीण?"

"ताई, घाईत चुकीची घेतली तर जन्मभर उरावर बसेल."

"कुणाच्या जन्मभर? तुझ्या की माझ्या?"

"बघू."

"तू बघशील रे. मला कधी दिसणार ते सांग."

चौथ्या वर्षी खोकी आली. भर सकाळी गच्चीवर त्याने सगळं जोडलं, लॅपटॉपवर छत्री धरली. पडद्यावर करडा गोळा उमटला.

"चार वर्षं लावून ब्लॅक अँड व्हाइट आणलास होय?"

"त्यात बारकावे जास्त येतात, ताई."

बारकावे आले होते. कडेला एक चिमुकली ज्वाळाही होती. डाग मात्र एकही नव्हता. सूर्यावरचे डाग अकराएक वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात; डागांची वर्षं सरली होती, सूर्य घासलेल्या ताटलीसारखा लख्ख होता. हे आता हिला सांगायचं कसं, म्हणून तो शब्द जुळवत राहिला.

तोवर ताईने पडद्याला नाक टेकवलं होतं. तिचा चेहरा खुलला.

"दिसला रे. बरोब्बर मधोमध. केवढा काळा आहे. आहे ना?"

तो डाग कुठला, हे चष्मेवाल्याला कुणी सांगायला नको होतं.

"आहे," तो म्हणाला. या वेळी विचार करायला थांबला नाही.